आधी लिहा, मग आवरा

मागच्या दिवाळीत मी कथा लिहिण्यासाठी चार दिवस सुट्टी काढली. पहिल्या दिवशी टेबल आवरलं, दुसऱ्या दिवशी ड्रॉवर. तिसऱ्या दिवशी केबल ठेवायला प्लास्टिकचे डबे मागवले. चौथ्या दिवशी डबे आले, त्यांना लेबलं लावली. पाचव्या दिवशी ऑफिस. खोली फोटो काढण्यासारखी झाली होती, मी काढलाही. कथेचा मात्र एक शब्द लिहून झाला नव्हता.

‘खोली मोकळी करा, डोकं मोकळं होईल, सुचायला लागेल’ हा मंत्र दर तिसऱ्या रीलमध्ये ऐकू येतो. माझं भांडण या मंत्राशी आहे. पसारा मलाही आवडत नाही. पण आवराआवर हे काम टाळण्याचं सगळ्यात प्रतिष्ठित निमित्त झालंय. दिवसभर रील्स बघितल्या तर रात्री निदान लाज तरी वाटते. दिवसभर खोली आवरली की शाबासकी मिळते.

फ्रान्सिस बेकन हा चित्रकार १९६१ पासून १९९२ मध्ये मरेपर्यंत लंडनमधल्या एका लहानशा स्टुडिओत रंगवत होता. भिंतींवर वाळलेले रंग, जमिनीवर फाटक्या फोटोंचा आणि कागदांचा खच. पुढे तो स्टुडिओ जसाच्या तसा डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीत हलवला, तेव्हा त्यात ७,००० हून जास्त वस्तू निघाल्या. दुसरीकडे, जगाला आवरायला शिकवणाऱ्या मारी कोंडोनं तिसऱ्या मुलानंतर घर पूर्वीसारखं नीटनेटकं राहत नाही, हे २०२३ मध्ये स्वतःच कबूल केलं. पसाऱ्यानं कुणी बेकन होत नाही हे मान्य. पण मग रिकाम्या टेबलानं तरी कोण होतं?

शिवाय टाकून देणं कुणाला परवडतं? गावी आमच्या माळ्यावर रिकाम्या बरण्या आहेत, जुनी चादर आहे, बंद पडलेल्या मिक्सरचं भांडं आहे. मी फेकायला काढलं की आई म्हणते, “राहू दे रे, लागतं कधीतरी.” मी हसायचो. आता कळतं, मला फेकायचं धाडस आहे ते पगारामुळे. चुकून कामाची वस्तू गेली तर मी दहा मिनिटांत नवी मागवतो. कोडमधला न वापरलेला भाग आम्ही बिनधास्त उडवतो, कारण गिटमध्ये जुनी प्रत असते. आईच्या माळ्याला गिट नाही. तिच्या साठवणीला पसारा म्हणताना जरा जपून बोलावं.

आणि कॉम्प्युटर हळू चालतो तो हार्ड डिस्कवर निवांत पडलेल्या जुन्या फायलींमुळे क्वचितच. बहुतेकदा मागे काहीतरी चालू असतं, ते मेमरी खात असतं. खोलीचंही तसंच. ड्रॉवरमधली केबल मला काही विचारत नाही. कोपऱ्यातली गिटार मात्र रोज विचारायची, “कधी शिकणार?” अर्धवट सोडलेला कोर्स विचारतो, उघडे ठेवलेले चाळीस टॅब विचारतात. लक्ष खातात ते हे न घेतलेले निर्णय. त्यांच्यासाठी बाजारात डबा मिळत नाही.

फेब्रुवारीत मी गिटार मावसबहिणीला देऊन टाकली. दहा मिनिटांचं काम, पण ‘मी कधीच गिटार वाजवणार नाही’ हे मान्य करायला पाच वर्षं लागली होती. जड गेलं. नंतर टॅब बंद केले. लिहायच्या वेळी फोन स्वयंपाकघरात ठेवायला लागलो. टेबलावरचं सामान कोपरानं सरकवून वहीपुरती जागा केली. आवरायचं ते लिहून झाल्यावर.

कथा झाली, अकरा पानं. फार बरी नाही, पण आहे. हे लिहितानाही शेजारच्या खुर्चीवर परवाचे धुतलेले कपडे तसेच पडलेत. तुम्ही या रविवारी कपाट उघडाल, तेव्हा एक प्रश्न स्वतःला विचारा: आज मी नेमकं काय करायचं टाळतोय? उत्तर आलं तर कपाट बंद करा आणि तिकडे वळा. कपडे कुठे पळून जात नाहीत.