तेरीज जुळत नाही तेव्हा

आमच्या पेढीवर एके काळी एक वृद्ध दिवाणजी होते. वर्षअखेरीस तेरीज जुळली नाही म्हणजे दुकानातील इतर मंडळी घाबरी होत आणि वह्या उलट्यासुलट्या करू लागत. दिवाणजी मात्र चष्मा पुसत, तांब्यातले पाणी पीत आणि फरकाच्या रकमेकडेच काही वेळ नुसते पाहत बसत. वही उघडण्याची घाई त्यांनी कधी केली नाही. फरक २७० रुपयांचा असेल, तर प्रथम त्यास नवाने भागून पाहत. भाग पुरता गेला की म्हणत, "कोठे तरी आकडे पालटून पडले आहेत." मग ५,४७२ ची रक्कम खतावणीत ५,७४२ अशी उतरलेली थोड्याच वेळात सापडे. नवाने भाग गेला नाही, तर ते फरकाची निमपट करीत आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधीत. कारण जमेची रक्कम चुकून नावे बाजूस पडली म्हणजे फरक दुप्पट होतो. तेथेही काही हाती लागले नाही, तर फरकाएवढीच एखादी रक्कम खतवायची राहून गेली काय, हे पाहत. पानन् पान तपासण्याचे काम सर्वांत शेवटी, निरुपाय झाला तरच.

नवानेच का भागायचे, असे आम्ही लहानपणी त्यांना विचारले होते. त्यांनी उत्तर दिले नाही. पाटी पुढे सरकवून ८३ मधून ३८ आणि ६२ मधून २६ वजा करावयास सांगितले. ४५ आले, ३६ आले. आणखी दहाबारा जोड्या करून पाहिल्यावर सगळेच नवाच्या पाढ्यातले निघते, हे आमचे आम्हांलाच दिसले. शाळेत आम्ही पुढे पुष्कळ गणित शिकलो. पण अडचण समोर आली असता तिच्याकडे कोणत्या क्रमाने पाहावे, हे शिकलो ते त्या गादीवर बसून.

आज ती गादी राहिली नाही. खतावणी संगणक करतो, तेरीजही तोच जुळवून देतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु व्यापाऱ्याच्या मुलास शाळेबाहेर जे आपोआप मिळत होते, ते आता मिळत नाही, याची दखल आपण घेतली आहे काय? शाळेने ती उणीव भरून काढली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचार आणि समस्या सोडविण्याची क्षमता यांचा उल्लेख आहे खरा. पण धोरणातील शब्द वर्गातील फळ्यापर्यंत पोचण्यास काळ लागतो, आणि तोवर मुले मोठी होतात.

गेल्या दिवाळीच्या सुटीत घरी जमलेल्या सातवी-आठवीच्या मुलांना आम्ही एक सोपा प्रश्न घातला. अंगणातल्या दोरीवर पाच साड्या दोन तासांत वाळतात, तर दहा साड्या किती तासांत वाळतील? नऊ मुलांपैकी सात जणांनी क्षणात 'चार तास' असे सांगितले. एकाने कागदावर त्रैराशिक मांडून चार तासच काढले. एक मुलगी तेवढी म्हणाली, "काका, दोरी केवढी आहे?" बाकीची मुले तिला हसली. तिला शाळेत गणितात किती गुण पडतात, याची चौकशी आम्ही मुद्दाम केली नाही.

हे आपल्याच मुलांचे वैगुण्य आहे असे कोणी समजू नये. फ्रान्समधील ग्रनोबल येथील गणित-शिक्षण संशोधन संस्थेने १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतील मुलांना विचारले की, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काही ना काही जुळवाजुळव करून वय सांगून टाकले. अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलेला एक प्रश्न असाच प्रसिद्ध आहे. एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, तर १,१२८ सैनिकांना बसगाड्या किती लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. पण ३२ हे योग्य उत्तर २३ टक्क्यांनीच दिले. २९ टक्के मुलांनी '३१, बाकी १२' असे लिहिले. बाकी उरलेल्या त्या बारा शिपायांनी चालत जावे की काय, हा विचार त्यांना शिवला नाही. १९८३ साली प्रसिद्ध झालेले हे आकडे आहेत.

आपल्या जुन्या गणितग्रंथांत हा विचार नव्हता असे नाही. नवव्या शतकाच्या मध्यास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने तो १९६३ साली हिंदी भाषांतरासह प्रसिद्ध केला. व्याज, भागीदारीतील वाटणी, त्रैराशिक असे व्यापाराच्या उपयोगाचे गणित त्यात विपुल आहे. त्रैराशिकात प्रमाण, फल आणि इच्छा ही तीन पदे आधी ओळखावी लागतात. ८ किलो गुळास ४०० रुपये पडले, तर १२ किलोस किती? येथे प्रमाण ८, फल ४०० आणि इच्छा १२. प्रमाण व इच्छा एकाच जातीची हवीत, हे पाहिल्यावाचून गुणाकारास हात घालावयाचा नाही. शिवाय १२ हमालांनी ८ तासांत रिकामे केलेले गोदाम १६ हमालांना ६ तासच घेईल, म्हणून तेथे व्यस्त त्रैराशिक. एक वाढले असता दुसरे वाढते, घटते, की आहे तेथेच राहते, हा विचार आधी आणि रीत नंतर. साड्यांच्या प्रश्नात मुले चुकली ती नेमकी येथेच.

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या पुस्तकात हीच वाट चार पायऱ्यांत मांडली. प्रश्न समजून घ्यावा, बेत आखावा, तो पार पाडावा आणि मग मागे वळून पाहावे. या शेवटच्या पायरीस आपण ताळा पाहणे म्हणतो. पुढे कॅलिफोर्नियातील अध्यापक अ‍ॅलन शोनफेल्ड हे वर्गात फिरत असता विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारीत. तू नेमके काय करीत आहेस, ते का करीत आहेस, आणि त्याचा तुला पुढे काय उपयोग? प्रारंभी मुले निरुत्तर होत; काही आठवड्यांनी ती स्वतःच स्वतःला हे विचारू लागत. आमच्या मते साऱ्या पद्धतीचे मर्म या तीन प्रश्नांत आहे; कारण पायऱ्या पाठ होऊ शकतात. 'दिलेले', 'काढावयाचे', 'रीत', 'उत्तर' असे चार मथळे वहीत सुबक लिहून त्याखाली चार तासच काढणारा मुलगा आम्ही पाहिला आहे.

आमच्या बेळगावसारख्या भागात आणखी एक अडचण आहे. मूल घरी मराठी बोलते, बाजारात कानडी आणि शाळेत इंग्रजी. पुष्कळदा ते गणितात अडत नसून प्रश्नाच्या वाक्यातच अडते, आणि मग दिसतील ते आकडे उचलून गुणते किंवा भागते. प्रश्न आपल्या घरच्या भाषेत, आपल्या शब्दांत सांगून दाखव, एवढी एकच सवय लावली तरी निम्मे काम होईल.

आता आपल्या संघाच्या शिक्षणनिधीविषयी. तो सारा शिकवणीवर्गांच्या फीसाठी द्यावा असे कित्येक सभासदांचे मत आहे. गुणांवाचून प्रवेश नाही, हे आम्हांसही कळते, आणि तो खर्च अजिबात बंद करा असे आम्ही म्हणत नाही. परंतु आठवड्यातून एक तास, रविवारी सकाळी, संघाच्या सभागृहात अशा प्रश्नांसाठी राखून ठेवावा. त्यास पैसा फारसा लागणार नाही, माणसे लागतील. जुन्या पद्धतीने वही लिहिलेली वडीलधारी मंडळी आपल्यात अजून आहेत. त्यांनी येऊन बसावे, उत्तर सांगू नये, फक्त विचारावे.

आमच्या माळ्यावर दिवाणजींच्या हातच्या खतावण्या बांधून ठेवलेल्या आहेत. त्यांतील एका वर्षाची तेरीज त्यांनाही शेवटपर्यंत जुळली नव्हती. फरक ३१ रुपयांचा आहे. नवाने भाग जात नाही, निमपटीची नोंद सापडत नाही. पहिल्या रविवारी ती वही आम्ही घेऊन येऊ.