पावती मिळेल का?

ऑफिसच्या टूरवर गेलो की हॉटेलच्या रूममध्ये शिरल्या शिरल्या मी आधी शॉवर चालू करून बघतो. गरम पाणी आलं, की मगच बॅग टाकायची. बायको म्हणते, हा तुझा आजार आहे. असेल! पण तो मला जडला जोतिबाच्या डोंगरावर.

फेब्रुवारी 2005 संपत आला होता. आर्किटेक्चरचं थर्ड इयर. देवळाची मोजमापं घेऊन ड्रॉइंग्ज काढायची असाइनमेंट. आम्ही 19 जण, सोबत सर, आणि खजिनदार अस्मादिक. मी फोनवर लॉजच्या चार खोल्या सांगून टाकल्या. शनिवारी रात्री पोचायचं, रविवारी पहाटे टेप घेऊन सुरू. एकदम परफेक्ट प्लॅन! माझा होस्टेलमधला रूम पार्टनर, सांगलीकडच्या खेड्यातला, एवढंच म्हणाला होता, ‘‘रविवार नको रे.’’ मी म्हटलं, ‘‘का? देवानं फोन केला होता का तुला?’’ सगळे हसले. तो गप्प.

रविवार हा जोतिबाचा वार. त्यात खेट्यांचे दिवस. म्हणजे कोल्हापुरातून माणसं अनवाणी चालत हा डोंगर चढतात, साधारण 18 किलोमीटर. हे कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

रात्री नऊला पोचलो तर मॅनेजर म्हणाला, ‘‘दोनच खोल्या हाईत बघा.’’ मी भांडायला लागलो. त्यानं शांतपणे विचारलं, ‘‘ॲडव्हान्स दिलाय काय तुमी?’’

नव्हता दिला.

खोल्या म्हणजे काय, दोन खाटा, लुकलुकणारी ट्यूब आणि भिंतीवर गुलालाच्या हातांचे ठसे. उशांचे अभ्रेसुद्धा गुलाबी! बाथरूम कॉमन, गरम पाणी पहाटे पाच ते सहा, बादलीला 10 रुपये. तरी त्यात आठ मुलींची सोय झाली. सर म्हणाले, मी बसमध्ये झोपतो. राहिलो आम्ही 11. डोंगर 3,100 फुटांवर, आणि वारा असा की दात वाजत होते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी बुटांकडे.

तेव्हा पार्टनर कुणाकडेही न बघता म्हणाला, ‘‘आमचे गुरव आहेत इथं. विचारू का?’’

इथली जुनी पद्धत अशी, की भाविक लॉजवर उतरतच नाहीत. गावोगावच्या घराण्यांचे गुरव ठरलेले असतात, उतरायचं त्यांच्या घरी, पिढ्यान्‌पिढ्या. हा पठ्ठ्या लहानपणापासून दर चैत्र यात्रेला सासनकाठीबरोबर आजोबांचं बोट धरून इथं येत होता. तीन वर्षं शेजारच्या कॉटवर झोपून मला त्याचा पत्ता नाही.

दारात एक आजी होत्या. त्यांनी त्याला उजेडात घेऊन बघितलं. ‘‘आजा न्हाई आला व्हय औंदा?’’

‘‘गेला आजा. दिवाळीत.’’

दिवाळीनंतर तो चार दिवस उशिरा होस्टेलवर आला होता, डोकं तासडून. ‘गावाला देवाचं होतं काहीतरी’ एवढंच म्हणाला होता. आम्ही त्याला महिनाभर टकलू म्हणून छळला. सगळ्यात जास्त मी.

आजींनी डोळ्याला पदर लावला आणि चुलीवर तवा चढवला. पिठलं, भाकरी, कांदा. मग लांबलचक सोप्यात घोंगड्या अंथरून आम्ही 11 आणि कुठकुठले खेटेकरी एका ओळीत झोपलो. म्हणजे बाकीचे झोपले.

रविवारी मोजमापं कसली! राणोजी शिंद्यांनी 1730 मध्ये बांधलेलं ते काळ्या दगडाचं देऊळ ‘चांगभलं’नं दणाणत होतं. टेपचं एक टोक गर्दीत हरवायचं आणि ड्रॉइंग शीटवर गुलाल सांडायचा. काम झालं ते सोमवारी.

निघताना मी आजींसमोर वही काढली. ‘‘किती झाले? आणि पावती मिळेल का?’’

आजींनी पार्टनरकडे पाहिलं. ‘‘ह्यो कोन रं?’’

‘‘दोस्त हाय माझा.’’

पावती नाही मिळाली. प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आणि कपाळाला गुलाल मिळाला. आम्ही वर्गणी काढून पैसे देवघरात ठेवले.

बसमध्ये मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. सॉरी कसं म्हणायचं ते जमेना. शेवटी विचारलं, ‘‘चैत्रात येणारेस?’’

‘‘यायला लागतंय. आजाची काठी हाय.’’

‘‘मी येऊ?’’

‘‘ये की,’’ तो म्हणाला. ‘‘फक्त बुकिंग तू करू नको.’’