पोलादनगरीतील दान आणि दाद

जमशेदपूर शहर ज्या जमिनीवर वसले आहे, ती झारखंड शासनाच्या मालकीची असून टाटा स्टील कंपनीकडे भाडेपट्ट्याने आहे. २००५ मध्ये नूतनीकरण झालेल्या या पट्ट्याची मुदत १ जानेवारी १९९६ पासून ३० वर्षांची, म्हणजे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतची ठरविण्यात आली होती. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ही एका दूरच्या राज्यातील महसुली बाब वाटण्याचा संभव आहे. तथापि कंपनीचे मुख्यालय मुंबईत आहे आणि १९०७ मध्ये तिच्या भागभांडवलासाठी सुमारे ८ हजार भारतीयांनी याच शहरात अवघ्या तीन आठवड्यांत पैसे उभे केले होते, एवढ्याच कारणाने हा विषय आपला ठरतो असे नव्हे. मोठा उद्योग आपल्या परिसरातील लोकांचे भले करतो, तेव्हा त्या लोकांचे त्या उद्योगाशी नाते कोणते, हा प्रश्न जमशेदपूरइतका स्पष्ट देशात क्वचितच कोठे दिसतो.

या कंपनीने शहरासाठी काय केले, याची नोंद प्रथम निःसंकोचपणे केली पाहिजे. पोलाद कारखान्यालगतचे नगर कसे असावे, याविषयी जमशेटजी टाटा यांनी १९०२ मध्ये आपल्या पुत्राला, दोराबजींना, पत्राने कळविले होते. रुंद रस्ते, सावली देणारी झाडे, खेळाची मैदाने, मंदिर, मशीद व चर्च यांसाठी राखीव जागा, असे त्याचे स्वरूप होते. जमशेटजी १९०४ मध्ये निवर्तले आणि कारखान्याची उभारणी साकची गावी १९०८ मध्ये सुरू झाली. त्याच सुमारास तेथे रुग्णालयही आले. आठ तासांचा कामाचा दिवस १९१२ मध्ये, मोफत वैद्यकीय सेवा १९१५ मध्ये, भविष्यनिर्वाह निधी १९२० मध्ये आणि निवृत्तीच्या वेळचे उपदान १९३७ मध्ये लागू झाले. देशाच्या कायद्याने कारखान्यातील कामगाराला हे लाभ द्यायला पुढे अनेक दशके घेतली. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा आणि उपदानाचा तर १९७२ चा. सिडनी वेब आणि हॉबहाउस यांच्यासारख्या ब्रिटिश समाजचिंतकांचा सल्ला कामगारकल्याणाच्या योजनांसाठी घेण्याची दृष्टी त्या काळी किती उद्योजकांकडे होती?

अर्थात, हा सारा इतिहास केवळ मालकाच्या औदार्याचा आहे, असे मानणेही चुकीचे ठरेल. १९२० व १९२२ मध्ये जमशेदपूरला मोठे संप झाले आणि १९२८ चा संप कित्येक महिने चालला. गांधीजी १९२५ मध्ये तेथे गेले होते आणि १९२८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी तेथील कामगार संघटनेचे नेतृत्व स्वीकारले. सुविधा आणि संघर्ष यांच्या तारखा एकमेकींशेजारी मांडल्या की या शहराच्या जडणघडणीत कामगारांच्या मागण्यांचाही वाटा होता, हे ध्यानात येते. गौरवग्रंथांत या तारखा बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात.

कामगारांना संघटना होती. शहराला मात्र आपली निवडून आलेली नगरपालिका कधी मिळाली नाही. पाणी, रस्ते, दिवाबत्ती, मलनिःसारण ही कामे कंपनीचा नगर विभाग करीत असे. २००४ पासून ती एका उपकंपनीकडे सोपविण्यात आली. शासनाची अधिसूचित क्षेत्र समिती आहे, पण तिचा कारभार सरकारनियुक्त अधिकाऱ्याच्या हाती. येथे नगरपालिका स्थापन व्हावी यासाठी १९८० च्या दशकात प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यानंतर राज्य सरकारच्या पातळीवर महानगरपालिकेचे प्रयत्न झाले आणि मागेही पडले. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये झारखंडच्या मंत्रिमंडळाने जमशेदपूरला 'औद्योगिक नगरी' घोषित करण्याचा निर्णय घेतला.

या निर्णयाला राज्यघटनेचा आधार आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या २४३-क्यू या अनुच्छेदाला एक परंतुक जोडलेले आहे. एखाद्या भागात औद्योगिक आस्थापना नागरी सुविधा पुरवीत असेल, तर राज्यपाल त्या भागाला औद्योगिक नगरी म्हणून निर्दिष्ट करू शकतात आणि मग तेथे नगरपालिका स्थापन करण्याचे बंधन राहत नाही. ज्या दुरुस्तीने शहरातील सामान्य माणसाला स्वशासनाचा हक्क दिला, तिच्यातच हा अपवाद ठेवलेला आहे. एखादी कारखान्याची वसाहत किंवा धरणाजवळची कर्मचारी वस्ती यांच्यासाठी तो समजण्याजोगा आहे. परंतु जमशेदपुरात आज कंपनीशी नोकरीचा कोणताही संबंध नसलेली असंख्य कुटुंबे राहतात. दुकानदार आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त कामगारांची मुले-नातवंडे आहेत. आपल्या गल्लीतील गटाराविषयी ते तक्रार करू शकतात. ते काम न करणाऱ्याला पाच वर्षांनी घरी बसविणे मात्र त्यांच्या हाती नाही.

या युक्तिवादाला जमशेदपूरकरांचेच एक उत्तर आहे आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. सुवर्णरेखेवरचा पूल ओलांडून मानगोत जा, म्हणजे नगरपालिका काय असते ते कळेल, असे ते सांगतात. निवडून आलेल्या संस्थांच्या कारभाराचा जो अनुभव आपल्याकडील शहरांनी घेतला आहे, तो पाहता नळाला वेळेवर स्वच्छ पाणी देणारी कंपनी सोडून नगरसेवकांच्या पाठीमागे कोण धावणार? ठेकेदारी, टक्केवारी, पावसाळ्यात उखडणारे रस्ते यांचा पाढा महाराष्ट्रातील वाचकाला नव्याने वाचून दाखविण्याची गरज नाही. शहरातल्या अनेकांना औद्योगिक नगरीचा पर्याय पटतो, तो यामुळेच.

पण हे उत्तर देणारा माणूस बहुधा भाडेपट्ट्याच्या आतला असतो. जमशेदपुरातील '८६ बस्ती' हा शब्दप्रयोग तेथील राजकारणात सर्वपरिचित आहे. कारखान्याच्या आणि शहराच्या आश्रयाने, कामाच्या शोधात आलेल्या माणसांनी कंपनीच्या ताब्यातील जमिनीवर उभारलेल्या या वस्त्या. २००५ च्या नूतनीकरणात मूळच्या सुमारे १२ हजार ७०० एकरांपैकी या वस्त्यांखालची सुमारे पावणेदोन हजार एकर जमीन पट्ट्यातून वगळण्यात आली. म्हणजे हे लोक कंपनीच्या नकाशातून बाहेर पडले, पण जमिनीचे मालक काही झाले नाहीत. मालकी हक्काचे आश्वासन त्यांनी निवडणुकीमागून निवडणूक ऐकले आहे. आदर्श नगराची घरे ज्यांच्या श्रमावर चालतात, त्या धुणीभांडी करणाऱ्या, रिक्षा चालविणाऱ्या, ठेकेदाराकडे रोजंदारी करणाऱ्या माणसांचा मोठा हिस्सा अशा वस्त्यांत आहे. भाडेपट्टा कंपनी आणि शासन यांच्यातला. त्यात तिसरा पक्ष नाही.

परिसराप्रती उद्योगाचे कर्तव्य काय, हे सांगणारा कायदा अलीकडच्या काळात आला. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची आहे. केवळ आपल्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही, हे योग्यच आहे. आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कलम सांगते. परंतु हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नव्हे, असा खुलासा केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये केला. त्यामुळे खाणी आणि भट्ट्या एका राज्यात आणि सामाजिक खर्च दुसऱ्या राज्यात, असे घडायला मज्जाव नाही. या खर्चात वर्षानुवर्षे महाराष्ट्राचा क्रमांक पहिला लागतो, याचे कारण आपल्याकडे गरजू अधिक आहेत हे नसून कंपन्यांची मुख्यालये आणि कारखाने अधिक आहेत, हे आहे. खर्च कशावर करायचा याचा निर्णय संचालक मंडळ घेते. ग्रामसभेला किंवा पालिकेला विचारण्याचे बंधन नाही. मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे झाले आहे खरे. पण मूल्यमापन करणारी संस्था कंपनीच नेमते.

याच कंपनीच्या ओडिशातील कलिंगनगर प्रकल्पाचा दाखला येथे टाळता येत नाही. २ जानेवारी २००६ रोजी प्रकल्पाच्या कुंपणभिंतीच्या कामाला विरोध करणाऱ्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशीच्या संघर्षात किमान १२ आदिवासी आणि एक पोलीस मृत्युमुखी पडले. गोळ्या कंपनीने झाडल्या नव्हत्या. जमीनही शासनाच्या महामंडळाने आधीच्या दशकात संपादित करून कंपनीला कितीतरी चढ्या दराने दिली होती, आणि विस्थापितांच्या संतापाचे ते एक मोठे कारण होते. कारखाना २०१५ मध्ये सुरू झाला. पुनर्वसन वसाहती, शाळा, प्रशिक्षण ही कामे तेथेही झाली. तथापि साकचीला सुविधा पोहोचविण्याचा शंभर वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या उद्योगालाही, परिसराची संमती शासनाच्या हातून आयती मिळते असे वाटले, हे कलिंगनगरने दाखविले.

त्याच्याशी तुलना करावी ती वेल्समधील पोर्ट टॅल्बटची. तेथील दोन्ही झोतभट्ट्या टाटा स्टीलने २०२४ मध्ये बंद केल्या. ब्रिटनमधील तिच्या व्यवसायात सुमारे २८०० नोकऱ्या जाणार होत्या. विजेवर चालणाऱ्या नव्या भट्टीसाठी ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंड देऊ केले. त्याखेरीज कामगारांच्या व शहराच्या आधारासाठी १० कोटी पौंडांचा निधी उभारण्यात आला, त्यात ८ कोटी सरकारचे आणि २ कोटी कंपनीचे. तो कसा खर्च व्हावा यासाठी नेमलेल्या मंडळात सरकार व कंपनी यांच्याबरोबर तेथील निवडून आलेली स्थानिक परिषद आणि कामगार संघटनाही होत्या. पोर्ट टॅल्बटचे दुःख त्यामुळे हलके झाले असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्या बाजूने टेबलावर बसायला तेथे निदान कोणीतरी होते.

नागपूरकरांना याचे मोल वेगळे सांगायला नको. जमशेटजींची पहिली मोठी गिरणी, एम्प्रेस मिल, १८७७ मध्ये तेथेच सुरू झाली. निवृत्तिवेतन निधी, अपघात भरपाई हे प्रयोग त्यांनी जमशेदपूरच्याही आधी या गिरणीत केले. पुढे १९८६ मध्ये ती राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि कालांतराने बंद पडली. तिच्या जागेवर आज व्यापारी संकुल उभे आहे.

जमशेदपूरची भट्टी विझण्याची चिन्हे नाहीत, आणि तशी वेळ येऊही नये. मुद्दा भाडेपट्ट्याचा आहे. यापूर्वीचा करार १९९५ अखेरीस संपला आणि नवा व्हायला जवळपास दहा वर्षे लागली. त्याआधीचा करार तर १९८० च्या दशकात होऊन १९५६ पासून लागू धरण्यात आला होता. दर वेळी वाटाघाटी भाडे, क्षेत्रफळ आणि थकबाकी यांच्याभोवती फिरल्या. पुढील ३० वर्षांसाठी जे कलम लिहिले जाईल, त्यात नगरीच्या समितीवर रहिवाशांनी मतदानाने निवडलेले सदस्य किती, नागरी सेवांच्या खर्चाचा हिशेब कोणासमोर मांडायचा, आणि ८६ वस्त्यांना पाणी व सांडपाण्याची व्यवस्था कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, या तीन बाबी स्पष्ट शब्दांत येणार की नाहीत, हे रांचीच्या सचिवालयाने आणि मुंबईच्या संचालक मंडळाने सांगायचे आहे.