बाटलीवरचा मजकूर आणि ‘आम्ही’ हे सर्वनाम

विदर्भातील शेतकरी कीटकनाशकाला सहसा ‘विष’ म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतो. ‘पराटीवर औषध मारलं’ हे वाक्य आणि ‘त्यानं औषध घेतलं’ हे वाक्य वर्धा-यवतमाळच्या गावांत सारख्याच सहजतेने उच्चारले जाते. पहिल्यात पीक वाचवण्याची खटपट असते, दुसऱ्यात माणूस गेल्याची वार्ता. वर्गात शब्दशक्ती शिकवताना हे उदाहरण आम्ही अनेकदा घेतो. परंतु ग्राहक-कायद्यातील एक गंभीर प्रश्नही याच शब्दापाशी येऊन थांबतो, असे आम्हांस वाटते. म्हणून विधिज्ञ नसतानाही हे चार शब्द लिहीत आहोत.

वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. शासनाने विशेष तपास पथक नेमले. कारणांची चर्चा पुष्कळ झाली : कपाशीची वाढलेली उंची, अनेक रसायनांचे मिश्रण, हातमोजे-मुखपट्ट्यांचा अभाव. पुढे काही पीडितांनी थेट स्वित्झर्लंड गाठले. ‘पोलो’ या कीटकनाशकाची उत्पादक सिंजेंटा हिच्याविरुद्ध मृतांच्या दोन पत्नी व एक बचावलेला शेतकरी यांचा दावा 2021 साली बाझेलच्या दिवाणी न्यायालयात दाखल झाला. एक्कावन्न कुटुंबांच्या वतीने वेगळी तक्रार तेथील शासकीय यंत्रणेकडे 2020 सालीच गेली होती. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. या दाव्याच्या गुणदोषांवर मत देण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्हांस अस्वस्थ करते ते एवढेच, की यवतमाळच्या माणसाला आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी बाझेलपर्यंत जावे लागले.

आपल्याकडे मार्ग नव्हता असे नाही. शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात 2012 साली स्पष्ट केले. मात्र 1986च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ असे स्वतंत्र प्रकरण नव्हते. ते 2019च्या कायद्यात आले आणि 20 जुलै 2020पासून अमलात आले. यवतमाळच्या घटनेनंतर जवळजवळ तीन वर्षांनी. त्यातील कलम 84 आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सदोष निर्मिती वा सदोष रचना यांखेरीज, वापराच्या पुरेशा सूचना अथवा चुकीच्या वापराविषयीचा इशारा नसणे, हेही उत्पादकाला जबाबदार धरण्याचे एक कारण तेथे मानले आहे. म्हणजे कायद्याने मजकुराला वस्तूचाच भाग मानले. बाटलीतले द्रव्य निर्दोष असले तरी बाटलीवरचे वाक्य सदोष असू शकते.

कीटकनाशकांच्या वेष्टनावरील भाषेचे नियम तर त्याहून जुने आहेत. 1968चा कायदा व 1971चे नियम यांनुसार लेबल व माहितीपत्रक इंग्रजी, हिंदी आणि त्या भागातील प्रादेशिक भाषेत हवे; विषारीपणाची पातळी दाखवणारा लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण हवा. नियम पाळलेला असतोही. पण ज्यांनी अशी पत्रके डोळ्यांसमोर धरली आहेत त्यांना ठाऊक आहे, की अनेक भाषांच्या गर्दीत मराठीच्या वाट्याला मुंगीएवढी अक्षरे येतात. आणि ती मराठीही बहुधा परिभाषा-कोशातून उचललेली असते. ज्या माणसाच्या तोंडी ‘औषध’ हा एकच शब्द आहे, त्याच्यापुढे ‘प्रतिविष’ आणि ‘लक्षणानुसारी उपचार’ हे शब्द ठेवून इशारा दिला गेला असे म्हणायचे काय? हिरवा त्रिकोणही ‘कमी विषारी’ असे सांगतो, ‘सुरक्षित’ असे नव्हे. हिरव्या रंगाचा नित्याचा अर्थ मात्र वेगळा आहे.

याच कायद्याचे कलम 87 विक्रेता व उत्पादक यांना काही बचाव देते. वस्तूचा गैरवापर झाला असल्यास विक्रेत्याविरुद्ध दावा करता येत नाही. वस्तू मालकाने कामाच्या ठिकाणासाठी विकत घेतली आणि सूचना मालकाला दिल्या, तर उत्पादकाविरुद्ध अपुऱ्या इशाऱ्याचा दावा टिकत नाही. शेत हे ‘कामाचे ठिकाण’ ठरले, तर सर्वांत मोठी पंचाईत होते ती शेतमजुराची. कृषी केंद्रातून बाटली आणतो शेतमालक, बहुधा उधारीवर. पंप पाठीवर घेतो मजूर. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक आहे असे कायदा म्हणतो खरा. परंतु इशारा मालकापाशी पोहोचला की तो मजुरापर्यंत पोहोचला, असेही हे कलम गृहीत धरू शकते. वाचनव्यवहाराची इतकी आशावादी कल्पना आम्ही शिक्षकसुद्धा करीत नाही.

आता ‘आम्ही’ या सर्वनामाकडे वळू. एकट्या मजुराने कंपनीशी झुंजावे ही अपेक्षाच निर्दय आहे. म्हणून सामूहिक तक्रारीची तरतूद. कलम 35(1)(ग)नुसार समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक ग्राहक, आयोगाच्या परवानगीने, तक्रार करू शकतात. पण ‘समान हितसंबंध’ सिद्ध करावा लागतो. डिसेंबर 2021मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की काही सदनिकाधारकांनी एकत्र येणे वेगळे आणि सगळ्यांच्या वतीने बोलणे वेगळे. दुसऱ्यासाठी हिताची समानता तक्रारीतच दाखवली पाहिजे. इतरांच्या वतीने शासनाने बोलावे, तर तोही भरवशाचा मार्ग नाही. मॅगीप्रकरणी केंद्र सरकारने 2015 साली केलेली सुमारे 640 कोटींची तक्रार राष्ट्रीय आयोगाने एप्रिल 2024मध्ये फेटाळली.

विषबाधेच्या प्रकरणात प्रतिपक्षाचा युक्तिवाद उघड आहे, आणि तो पोकळही नाही : प्रत्येकाचे शेत वेगळे, मिश्रण वेगळे, शरीर वेगळे, मग हित समान कसे? आमचे उत्तर असे, की या सर्वांत एक गोष्ट तंतोतंत समान असते. ती म्हणजे बाटलीवरचा छापील मजकूर. मृत्यूचे कारण व्यक्तीगणिक तपासावे लागेल, भरपाईही निरनिराळी ठरेल. परंतु इशारा पुरेसा होता की नाही, हा प्रश्न सर्वांसाठी एकच आहे. सामूहिक तक्रार उभी राहायची तर ती या मजकुरावर उभी राहावी.

आणि तो मजकूर सामान्य वाचकाला कळतो का, हे सांगण्यास रसायनतज्ज्ञापेक्षा भाषेचा शिक्षक अधिक पात्र आहे. 2023 साली वर्ध्यात साहित्य संमेलन झाले, तेव्हा अध्यक्षपदी नरेंद्र चपळगावकर हे माजी न्यायमूर्ती होते. न्याय आणि साहित्य यांचे नाते आपल्याला परके नाही. मराठी विभागांनी एक साधे काम हाती घ्यावे. आपल्या तालुक्यात विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकांची पत्रके जमवावीत, विद्यार्थ्यांनी ती फवारणी करणाऱ्यांना वाचून दाखवावीत, कोणते वाक्य कळले व कोणते नाही याची तारखेसह नोंद ठेवावी. भाषिक सर्वेक्षणाचा प्रकल्प म्हणून त्याला गुण देता येतील. पुढेमागे एखाद्या ग्राहक आयोगापुढे ती वही पुरावा म्हणून ठेवता आली, तर ‘आम्हांला हे समजले नव्हते’ या वाक्यातील ‘आम्हांला’ या शब्दास आधार मिळेल.