एकच शेंडा

आम्हा नागपूरकडच्यांना पचमढीचं काही अप्रूप नाही. आजी श्रावणात नागद्वारच्या यात्रेला जायची, बाबांच्या ऑफिसची सहल तिथेच, आणि लग्न झालं की निम्मी गल्ली फिरायला तिथेच. त्यामुळे मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं पुण्याहून गेलो ते चार दिवस लॅपटॉप बंद ठेवायचा एवढ्याच हेतूने. धूपगडचा सूर्यास्त पाहिला, बी फॉलच्या पायऱ्या चढताना वजनाचा हिशोब कळला. असो.

तिसऱ्या दिवशी गाइड एका घळीत घेऊन गेला. (नेमकी जागा मुद्दामच लिहीत नाही. का ते पुढे कळेल.) वर ऊन रणरणत होतं, खाली ओढ्यापाशी मात्र स्वेटर काढवेना. तिथे काठाला एक झाड उभं होतं. लांबून मला माडाचं पिल्लू वाटलं. जवळ गेलो तर माझ्यापेक्षा उंच खोड, काळेभोर चकचकीत देठ, दोन-दोन मीटर लांब पानं आणि मधोमध कुत्र्याच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं नवं पान. म्हणजे चक्क नेचा! कुंडीतलं फर्न, पण झाडाएवढं.

"साहब, डायनासोर के ज़माने का पेड़ है," गाइड म्हणाला. गाइडचं बोलणं मी एरवी निम्मं वजा करून ऐकतो, पण हा खरं बोलत होता. या कुळाचे जीवाश्म ज्युरासिक काळापासूनचे आहेत. झाडाचं नाव सायथिया जायगँटिया, मराठीत वृक्षनेचा म्हणू. ईशान्य भारतात आणि दक्षिणेत तो आढळतो, पण मध्य भारतात दुर्मीळ. साग-सालाच्या कोरड्या जंगलात सातपुड्याच्या वालुकाश्मात ज्या खोल ओल्या घळी आहेत, तेवढ्यातच तो तग धरून आहे.

बायकोने खोडाला हात लावला आणि म्हणाली, "अरे, ही तर आपल्या बाल्कनीतल्या ऑर्किडची पाटी!"

मी गप्पच झालो. चार-पाच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात आम्ही एक ऑर्किड घेतलं होतं, काळपट तपकिरी, जाळीदार पाटीवर बांधलेलं. विक्रेता म्हणाला होता, "ट्री फर्न आहे, दहा वर्षं हलत नाही." मला वाटलं, कुठल्या तरी कंपनीच्या मालाचं नाव असेल. घासाघीस करून पन्नास रुपये कमी केले आणि वर खूशही झालो. ती पाटी कुठून आली हा प्रश्न डोक्यातही आला नाही.

आता या खोडाची गंमत बघा. ते आंब्या-सागासारखं लाकूड नव्हेच. मधलं खोड बारीक असतं आणि त्याभोवती मुळांचा जाडजूड पोशाख असतो. या मुळांच्या जाळीत ओल टिकते आणि हवाही खेळते. ऑर्किडला आणखी काय हवं! म्हणून जगभर ऑर्किडवाल्यांनी वृक्षनेचे कापून त्यांच्या पाट्या आणि कुंड्या केल्या.

पण आंबा छाटला तर फुटतो, हा फुटत नाही. याला फांद्या नाहीत, वाढणारा शेंडा एकच. आमच्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर, बॅकअप नाही. खोड कापलं की झाड संपलं. बिया नसतात, असतात बीजाणू, तेही लाखोंनी. पण बीजाणूतून आधी नखाएवढी हिरवी पाकळी उगवते, आणि तिच्यावर पाण्याचा थर असेल तरच फलन होतं. म्हणजे घळीतली ओल गेली तर लाखो बीजाणू असून उपयोग शून्य.

बागेच्या हौसेपायी नेचे संपवण्याचा प्रकार काही नवा नाही. लंडनमध्ये १८२९ साली डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांना बंद बाटलीत आपोआप नेचा उगवलेला दिसला. त्यातून काचेच्या पेट्या आल्या आणि इंग्लंडला नेच्यांचं वेडच लागलं. चार्ल्स किंग्जली यांनी १८५५ मध्ये त्याला 'टेरिडोमेनिया' असं नावही दिलं. लोक डोंगर खरवडून नेचे घरी आणू लागले आणि किलार्नी फर्न नावाचा देखणा नेचा जवळजवळ नाहीसा झाला. त्या लोकांचा नेच्यांवर राग नव्हता हो, प्रेमच होतं. तीच तर अडचण आहे.

यावर काही निसर्गप्रेमी मंडळी म्हणतात, दुर्मीळ झाडं बागेत लावूच नका. मला हे पटत नाही. बागवाला हा शत्रू नव्हे. ज्या झाडावर चार माणसं जीव टाकतात त्याची काळजी घेतली जाते. माझं म्हणणं एवढंच की झाड आलं कुठून हे विचारा. सायथिया साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे देशाबाहेर न्यायचं तर परवाने लागतात. पण आपल्या कोपऱ्यावरच्या नर्सरीत कोण परवाना बघतो? तिथे प्रश्न विचारणारे आपणच.

तेव्हा माझे तीन नियम. एक, ऑर्किडसाठी नारळाचं सोडण किंवा सागाची फळी वापरायची. सोडण आधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून त्यातला खार काढायचा, बस्स. दोन, वृक्षनेचा हवाच असेल तर बीजाणूपासून वाढवलेलं लहान रोप घ्यायचं, आणि तेही सावली व बारमाही ओल असलेल्या जागेसाठी. पुण्याच्या बाल्कनीत एप्रिलमध्ये त्याचे हालच होणार. तयार जाड खोडाचा नेचा स्वस्तात मिळत असेल तर समजून घ्या, तो नर्सरीत वाढलेला नाही. तीन, जंगलातून पानसुद्धा आणायचं नाही, आणि जागा चारचौघांत सांगायची नाही.

हात शिवशिवत असतील त्यांनी हंसराजपासून सुरुवात करावी. पिकलेलं पान रात्रभर कागदावर ठेवा, सकाळी तपकिरी भुकटी पडलेली दिसेल. उकळतं पाणी ओतून गार केलेल्या मातीवर ती भुरभुरा, पारदर्शक डब्यात झाका आणि सावलीत ठेवा. काही आठवड्यांनी हिरवा थर दिसू लागतो. रोपं व्हायला महिनोनमहिने जातात, तेवढा धीर मात्र हवा. दोन डबे बुरशीने गेले, तिसऱ्यात सध्या हिरवं काहीतरी आहे.

ती पाटी मी टाकून दिली नाही. टाकून ते झाड काही परत उभं राहणार नाही. ऑर्किड अजून तिच्यावरच आहे, यंदा फुललंही. घरी येणारे विचारतात, केवढ्याला घेतलं? मी किंमत सांगतो, आणि मग पाटीची गोष्टही सांगतो.