ज्यूद्वेषाचे मूळ आणि कोकरूडची कर्जखते

‘या देशाला एखादा हिटलरच हवा,’ हे वाक्य आपल्याकडे एस. टी. स्टँडवर, कचेरीत आणि शिक्षकांच्या खोलीतसुद्धा सहज उच्चारले जाते. बोलणाऱ्याच्या मनात शिस्त, कामचुकारांना शिक्षा आणि लाचलुचपतीला आळा एवढेच असते. ‘माइन काम्फ’ची मराठी भाषांतरे दुकानांत उघड विकली जातात आणि तरुण वाचक ती हौसेने घेतात. साठ लाख ज्यूंच्या हत्येचा विषय निघालाच, तर ‘त्याला कधीतरी कुणा ज्यूने दुखावले असेल’ असे म्हणून तो बाजूला सारला जातो. या स्पष्टीकरणाची सोय अशी, की एवढा मोठा अपराध एका माणसाच्या स्वभावदोषात जमा होतो आणि बाकीचे सारे मोकळे सुटतात. म्हणूनच ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

वस्तुतः हिटलरच्या आयुष्यातील ज्ञात घटना या समजुतीच्या विरुद्ध जातात. १९०७ साली त्याची आई कर्करोगाने वारली. तिच्यावर उपचार करणारे लिंझचे डॉक्टर एदुआर्द ब्लोख हे ज्यू होते. हिटलरने त्यांचे मनःपूर्वक आभार मानले होते; १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावरही त्याने त्यांना संरक्षण दिले आणि १९४० मध्ये त्यांना अमेरिकेला जाता आले. व्हिएन्नातील हलाखीच्या दिवसांत त्याची चित्रे विकत घेणाऱ्यांत ज्यू व्यापारी होते आणि वसतिगृहातील त्याच्या परिचितांतही ज्यू होते. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, त्याला पहिल्या श्रेणीचा ‘आयर्न क्रॉस’ मिळाला, त्याची शिफारस हुगो गुटमान या ज्यू अधिकाऱ्याने केली होती. अनुभवातूनच मत बनायचे असते, तर या माणसाच्या मनात ज्यूंविषयी कृतज्ञता असायला हवी होती.

मग हा द्वेष आला कोठून? त्याचे एक उत्तर तत्कालीन व्हिएन्नाच्या अर्थकारणात सापडते. १८७३ साली तेथील शेअर बाजार कोसळला. त्यानंतरच्या मंदीत आणि यंत्रमालाच्या स्पर्धेत लहान कारागीर व दुकानदार भरडले गेले. पेढ्या व मोठी दुकाने यांत ज्यू डोळ्यांत भरण्याइतके होते. तेव्हा भांडवली व्यवस्थेवरचा राग एका जमातीवर वळवणे सोपे गेले. कार्ल ल्यूगर याने नेमके हेच केले आणि १८९७ पासून १९१० मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्या शहराचा महापौर राहिला. तरुण हिटलरने हे राजकारण जवळून पाहिले व पुढे आपल्या पुस्तकात ल्यूगरची स्तुती केली. द्वेषाची भाषा त्याला अशी आयती मिळाली.

व्हिएन्नातच आपण ज्यूविरोधी झालो, असे हिटलरने स्वतः लिहिले आहे. परंतु अनेक अभ्यासकांना हे कथन मागाहून रचलेले वाटते. त्यांच्या मते या द्वेषाला राजकीय सिद्धान्ताचे रूप आले ते पराभवानंतरच्या म्युनिचमध्ये. १९१८ मध्ये जर्मनी हरली, पण सेनापतींनी पराजयाचा दोष स्वतःकडे घेतला नाही. घरातील शत्रूंनी पाठीत खंजीर खुपसला, अशी कथा पसरवण्यात आली. १९१९ मध्ये बव्हेरियात साम्यवादी राजवट आली आणि चिरडली गेली. तिचे काही पुढारी ज्यू होते, तेवढ्यावरून साऱ्या जमातीवर देशद्रोहाचा शिक्का बसला. त्याच वर्षी सैन्याने हिटलरला प्रचारकार्यास लावले. ज्यूंविषयीचे त्याचे उपलब्ध असलेले पहिले राजकीय निवेदन म्हणजे सप्टेंबर १९१९ मधील एक पत्र होय. नुसत्या भावनेतून आलेला द्वेष दंगलीत संपतो, म्हणून हे काम बुद्धीने, कायद्याने करून अखेर ज्यूंना देशातून पार दूर करावे, असा त्याचा आशय आहे. व्यक्तिगत दुखापतीचा त्यात मागमूसही नाही. तो एका कार्यक्रमाचा थंड डोक्याने केलेला आराखडा आहे.

तरीही एका माणसाचा आराखडा राष्ट्राचे धोरण कसा बनला, हा प्रश्न उरतोच. १९२३ च्या चलनवाढीने जर्मन मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत मातीमोल केली होती. पण पुढे स्थैर्य येताच, १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला अवघी २.६ टक्के मते पडली. १९२९ मध्ये जागतिक मंदी आली. १९३० मध्ये तीच मते १८.३ टक्के झाली आणि जुलै १९३२ मध्ये, बेकारांचा आकडा साठ लाखांच्या घरात गेलेला असताना, ती ३७ टक्क्यांवर पोहोचली. ज्यूंचे प्रमाण जर्मनीच्या लोकसंख्येत एक टक्क्याहूनही कमी होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या निवडणुकांत नाझी पक्षाने ज्यूद्वेषाचा सूर पुष्कळ ठिकाणी जाणूनबुजून खाली ठेवला होता. असंख्य मतदारांनी काम, भाकरी आणि शिस्त यांसाठी मत दिले. ज्यूंबद्दलचे बोलणे त्यांना अतिरेकी वाटले तरी चालवून घेण्याजोगे वाटले. हिटलरच हवा म्हणणाऱ्या आपल्याकडच्या सज्जन माणसाचे या मतदाराशी नाते फार जवळचे आहे.

ज्यूंच्या अंगीच काही दोष असेल, ही शंका तर महाराष्ट्राच्या इतिहासाने केव्हाच फेटाळली आहे. कोकणात बेने इस्रायली शतकानुशतके राहिले. ते तेलघाणा चालवीत, शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. धर्म तोच, शनिवारचा विसावा तोच; पण त्यांच्या वाट्याला ना दंगल आली ना बहिष्कार. मराठी हीच त्यांची बोली झाली.

म्हणजे मराठी मुलूख अशा द्वेषापासून मुक्त आहे काय? त्याची कसोटी आपल्याच जिल्ह्यांच्या इतिहासावर लावून पाहावी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला. सरकारने फेरपाहणी करून सारा वाढवला आणि सावकाराने हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी रयतेचा उद्रेक झाला. नगर जिल्ह्यात तो पसरला आणि सप्टेंबरात त्याची एक ठिणगी दूर दक्षिणेला, आजच्या शिराळा तालुक्यातील वारणाकाठच्या कोकरूडवर येऊन पडली. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात मोडत असे. या दंग्यांत रोख होता तो कर्जखतांवर. ती हाती आली, त्यांची होळी झाली, की जमाव बहुधा परतत असे. गंभीर मारहाण तुरळकच झाली.

परंतु चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने एक बोचरी गोष्टही नोंदवली. हल्ले झाले ते जवळजवळ मारवाडी व गुजर सावकारांवरच. ज्या गावांत ब्राह्मण वा अन्य जातींचे सावकारही होते, तेथे त्यांना सहसा हात लागला नाही. म्हणजे राग व्याजाचा होता, पण त्याने निवड केली ती परक्याची. व्हिएन्नातील कारागिराच्या मनात जे बीज पडले, ते येथेही पडलेले होते.

फरक पडला तो पुढच्या पावलात. १८७९ मध्ये पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला. कर्जखतावरचा आकडा प्रमाण न मानता मूळ मुद्दल किती, व्याज किती, देवघेव कशी झाली, हे उकरून पाहण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. सावकारांनी त्यातूनही खोट्या खरेदीखतांच्या पळवाटा काढल्या आणि साऱ्याचे ओझे कायमच राहिले. तरी कायद्याने व्यवहार तपासला, जात तपासली नाही. उलट १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांखाली माणसाचे आजी-आजोबा मोजले गेले. चारांपैकी तीन ज्यू निघाले की तो ज्यू ठरला. त्याने काय केले, हे विचारण्याची गरज उरली नाही.

ही सीमा आपल्याकडे कधी ओलांडली गेलीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी एक होता आणि त्याचे साथीदार मोजके. पण सातारा, सांगली, कोल्हापूर या टापूत घरे जळली ती त्या कटाशी सुतराम संबंध नसलेल्या ब्राह्मण कुटुंबांची. जमीन, सावकारी आणि शिक्षण यांतील विषमतेची जुनी सल त्यामागे होती, हे खरे. अर्थात त्या सलीने कारण कळते, समर्थन होत नाही. नाझींनी राज्ययंत्रणा राबवून केलेल्या संहाराशी या घटनेची तुलना होऊ शकत नाही. पण अपराध एकाचा आणि शिक्षा कुळाला, हे सूत्र दोन्हीकडे एकच होते. कोकरूडला कागद जळले होते. त्र्याहत्तर वर्षांनी याच मुलखात घरे जळली.

शेतमालाचे भाव पडतात, पदवीधराला नोकरी मिळत नाही, पगार महागाईला पुरत नाही, तेव्हा कोणीतरी येऊन एका जमातीचे नाव सांगतो. वर्गात, कचेरीत वा चावडीवर असे नाव पुढे आले, तर सांगणाऱ्याला १८७९ च्या न्यायालयाचा प्रश्न विचारावा: कर्जखत दाखवा, मुद्दल किती, व्याज किती, व्यवहार कोणी केला? जो त्याऐवजी आजोबांची जात सांगू लागेल, त्याच्याजवळ आपल्या अडचणीवर उपाय नाही, हे तेथेच ओळखावे.