परीक्षकांनो, तोंड उघडा!

२०२२ मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! आम्हाला कठोर परीक्षक चालतो; मुका चालत नाही. महिनाभर रात्री जागून तालीम करणाऱ्या पोरांना ‘प्रयत्न चांगला, मेहनत घ्या’ म्हणून आपण मोकळे होतो. मेहनत कुठे घ्यायची? संवाद मागच्या रांगेत का पोचला नाही, शेवट का घसरला, हे कोण सांगणार? मोहल्ल्यातल्या पोरांना तर ‘तुमचं मराठी छान आहे हो!’ एवढीच दाद. नाटकाबद्दल चकार शब्द नाही. परीक्षकाच्या खुर्चीत बसून आम्हीही नुसतेच गुण देऊन घरी आलो आहोत. तो गुन्हा आम्हाला कबूल आहे. तुम्हाला?